ज्या घराला कवी लाभला नाही : लखुजीराव जाधव आणि मराठी वाङ्मय

घराणे कशावर टिकते, या प्रश्नाला सामान्यतः तीन उत्तरे दिली जातात : जमिनीवर, तलवारीवर आणि संततीवर. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यात चौथ्या उत्तराची भर घालावीशी वाटते. घराणे शब्दावरही टिकते. जमिनीची वाटणी होते, तलवार गंजते, वंश खुंटतो. परंतु कोणी कवी अथवा बखरकार त्या घराविषयी काही लिहून ठेवतो आणि तेच पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचते. याची दुसरी बाजू मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. ज्या घराची कथा त्याच्या स्वतःच्या कवीने सांगितली नाही, त्याला दुसऱ्याच्या कथेतील पात्र होऊन राहावे लागते आणि तेथे त्याला कोणती भूमिका मिळावी हे त्या दुसऱ्या घराची गरज ठरवते. सिंदखेडच्या लखुजीराव जाधवांच्या बाबतीत मराठी वाङ्मयात असेच घडले आहे, असे आम्हांला वाटते. प्रस्तुत लेखात या मताची मांडणी करण्याचे योजिले आहे.

तुलनेसाठी प्रथम एका दूरच्या घराकडे वळू. इंग्लंडच्या मध्ययुगात विल्यम मार्शल नावाचा एक सरदार होऊन गेला. एखाद्या लढाईच्या तारखेने नव्हे, तर एका काव्याने तो आज ओळखला जातो. धाकटा मुलगा असल्यामुळे त्याच्या वाट्याला जमीन आली नाही. शस्त्रस्पर्धांतून त्याने नाव आणि धन मिळवले, ११८९ मध्ये इझाबेल द क्लेअर या मोठ्या वारसदार कन्येशी त्याचा विवाह झाला, ११९९ मध्ये तो पेम्ब्रोकचा अर्ल झाला आणि १२१६ मध्ये राजा जॉन मरण पावल्यावर नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या नावाने राज्याचा कारभार त्याच्या हाती आला. १४ मे १२१९ रोजी तो वारला. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याची कबर आहे.

त्याला पाच मुलगे होते. पाचही जण एकामागून एक अर्ल झाले आणि १२४५ पर्यंत पाचही जण औरस संततीवाचून मरण पावले. फर्न्सच्या बिशपांशी मार्शलचे जमिनीवरून भांडण होते व त्यांच्या शापामुळे हा वंश खुंटला, अशी कथा पुढे इतिवृत्तकारांनी सांगितली. जमीन पाच मुलींच्या वारसांत वाटली गेली. म्हणजे घराण्याचे पुरुषपरंपरेचे नाव सव्वीस वर्षांत संपले. तरीही मार्शल आज अतिशय जिवंतपणे आपल्यासमोर उभा राहतो. त्याचे श्रेय थोरल्या मुलाने आणि एका विश्वासू अनुयायाने करवून घेतलेल्या काव्याला आहे. १२२६ च्या सुमाराचे, १९,२१४ ओळींचे हे काव्य त्या काळच्या इंग्लंडमधील दरबारी फ्रेंच भाषेत आहे. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली. पॉल मेयर या फ्रेंच विद्वानाला ती १८६१ मध्ये लंडनच्या एका लिलावात दिसली, नजरेआड झाली आणि वीस वर्षांच्या शोधानंतर पुन्हा सापडली.

या काव्याचे सामर्थ्य कशात आहे? ते घरच्या माणसांनी सांगितलेले आहे, यात. विल्यम पाच-सहा वर्षांचा असताना त्याच्या बापाने त्याला राजा स्टीफनकडे ओलीस ठेवले आणि दिलेला शब्द मोडला. मुलाला फासावर चढवू, अशी धमकी आल्यावर, याहून चांगले मुलगे घडवण्याचा ऐरण-हातोडा आपल्याजवळ आहे, असा निरोप त्या बापाने धाडला. हा प्रसंग आपल्याला केवळ या काव्यामुळेच माहीत आहे. स्वतःच्या आजोबांचे इतके कठोर बोल ज्या घराला लपवावेसे वाटले नाहीत, त्या घराचा आपल्या कवीवर किती विश्वास असला पाहिजे! मृत्युशय्येवरचा एक प्रसंगही असाच आहे. घरातील उंची वस्त्रे विकून आत्म्याच्या कल्याणासाठी दानधर्म करावा, असे एका धर्मगुरूने सुचवले. मार्शलने ते मानले नाही. दरवर्षीप्रमाणे ती वस्त्रे आपल्या सरदारांनाच मिळाली पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. आमच्यासारख्या धर्मसेवकाला हा प्रसंग वाचताना किंचित अवघडल्यासारखे होते. पण त्या माणसाचे मन कोठे गुंतले होते, हे त्याइतके स्पष्टपणे दुसरे काहीच सांगत नाही.

आता आपल्या मातीकडे येऊ. आम्ही वडवणीत बसून हे लिहीत आहोत. येथून बीड, गेवराई, जालना असे उत्तरेला गेले की बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेवर सिंदखेडराजा लागते. देवगिरीच्या यादवांशी आपले नाते सांगणारे जाधव घराणे तेथले. सतराव्या शतकाच्या आरंभी या घराण्याचे प्रमुख लखुजीराव हे निजामशाहीतील पहिल्या प्रतीचे मराठा सरदार होते. पत्नी म्हाळसाबाई; दत्ताजी, अचलोजी, राघोजी आणि बहादुरजी हे मुलगे; आणि कन्या जिजाबाई. ही कन्या वेरूळच्या भोसल्यांच्या घरी गेली. लखुजीराव निजामशाही सोडून मुघलांकडे गेले. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीच्या लढाईत ते मुघलांच्या बाजूला होते आणि जावई शहाजीराजे मलिक अंबराच्या बाजूला. पुढे ते निजामशाहीत परतले. शके १५५१ च्या श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे २५ जुलै १६२९ रोजी, दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात बोलावून त्यांची हत्या करण्यात आली. त्यांच्यासमवेत अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि दत्ताजीचा मुलगा यशवंतराव हा नातू असे तिघे मारले गेले.

एका घराच्या तीन पिढ्या एका दिवशी, एका दालनात संपल्या. अशा घटनेवर जगातील कोणत्याही भाषेत शोककाव्य झाले असते. मराठीच्या लोकप्रिय स्मृतीत मात्र लखुजीराव उरले आहेत ते एका रंगपंचमीच्या कथेत. ती कथा शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जाधवांच्या वाड्यात सणाची बैठक भरली आहे, लहानगे शहाजी आणि जिजा एकमेकांवर रंग उधळत आहेत, जोडा शोभतो असे लखुजीराव थट्टेने म्हणतात आणि मालोजीराजे तेवढ्यावर उठून, सर्वांनी ऐकले, आजपासून आपण व्याही झालो, असे जाहीर करतात. म्हाळसाबाईंना हा संबंध हलका वाटतो. जाधव शब्द फिरवतात. मालोजींना देवीचा दृष्टान्त होतो, भूमिगत द्रव्य सापडते, ते चांभारगोंद्याच्या शेषो नाईक पुंड्यांकडे ठेवले जाते, फौज उभी राहते, सुलतानाकडे दाद लागते, आणि अखेर जाधवांना मुलगी द्यावी लागते.

ही कथा आली कोठून? चिटणीसांची बखर, शिवदिग्विजय आणि त्यांसारख्या उत्तरकालीन बखरींतून. म्हणजे मूळ घटनेनंतर दोन शतकांच्या अंतराने. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ती घेतली आणि पुढे ती घरोघर झाली. तिचा ऐतिहासिक कस इतिहाससंशोधकांनी पाहावा. आमचा प्रश्न वाङ्मयीन आहे : या कथेचा घाट कोणता? निर्धन पण तेजस्वी नायक, गर्विष्ठ श्रीमंत सासरा, हातचे जाऊ पाहणारे वचन, दैवी कृपेने सापडलेला ठेवा आणि राजाज्ञेने झालेला विवाह. हा तर लोककथेचा जुना, सर्वपरिचित घाट आहे. या घाटाला गर्विष्ठ सासरा हवाच असतो. त्याच्यावाचून नायकाचा उत्कर्ष डोळ्यांत भरत नाही. ती जागा रिकामी होती आणि लखुजीरावांना तेथे बसवण्यात आले. त्यांच्या स्वभावाचा पुरावा म्हणून आपण जे वाचतो, ते वस्तुतः कथाप्रकाराचे मागणे आहे.

हे आमचे म्हणणे अतिरेकी वाटत असेल, तर कवीन्द्र परमानंदांच्या 'शिवभारता'कडे पाहावे. हे संस्कृत महाकाव्य शिवछत्रपतींच्या हयातीतले. काशीच्या पंडितांना परमानंद ही कथा सांगत आहेत, अशी त्याची योजना आहे. तंजावरला सापडलेल्या पोथीवरून सदाशिव महादेव दिवेकरांनी ते संपादित केले आणि १९२७ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ते प्रकाशित केले. भोसले घराण्याच्या गौरवासाठीच हे काव्य लिहिले गेले, हे उघड आहे. तरीही त्यात रंगपंचमी नाही, फिरवलेला शब्द नाही. तेथे मालोजीराजे इंदापुरास युद्धात पडतात, विठोजीराजे पुतण्यांचा सांभाळ करतात, आणि त्यानंतर यादवराज वराची योग्यता पाहून आपली कन्या आपण होऊन देतात. घटनेला अधिक जवळ असलेल्या, भोसल्यांच्याच कवीला लखुजीरावांना खाली ओढण्याची गरज भासली नाही. ती पुढच्यांना भासली. दोन्ही कथा ज्याच्यासमोर आहेत त्या वाचकाने, दुसरी अधिक रंगतदार आहे एवढ्याच कारणाने तिला इतिहास मानू नये.

बखरींतील आणखी एक प्रसंग याच दृष्टीने तपासण्याजोगा आहे. शहाजीराजांचा पाठलाग करीत लखुजीराव येतात, गर्भभाराने पुढची मजल न झेपणारी जिजाबाई त्यांना वाटेत भेटते, पितापुत्रींत कठोर बोलणे होते आणि ती शिवनेरीवर राहते. प्रसंग नाट्यपूर्ण आहे आणि नाटककारांना तो मोहवीत आला, यात नवल नाही. शिवजन्म १६२७ चा, असे मानले जात होते तोवर त्याला कालाच्या दृष्टीनेही अडचण नव्हती. परंतु लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेली जेधे शकावली आणि स्वतः 'शिवभारत' यांच्या आधारे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी पुढे आली आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनानेही ती स्वीकारली. तिथी बदलली की प्रसंगाखालची जमीनच सरकते. जिजाबाई गर्भभाराने थकण्याच्या अवस्थेला पोचली, तेव्हा तिचे वडील या जगात नव्हते. पाठलाग करणारा बाप नव्हताच. होती ती बापाच्या, दोन भावांच्या आणि भाच्याच्या हत्येची वार्ता. तिथीचा वाद आपण वर्षानुवर्षे घातला, परंतु त्या तिथीने एका मुलीच्या दुःखाचे चित्र किती पालटते, याचा विचार मात्र फारसा केला नाही.

परमानंदांच्या काव्यातील जो प्रसंग खऱ्या अर्थाने लखुजीरावांचा आहे, तो खंडागळ्यांच्या हत्तीचा. दरबार सुटला आहे, सरदार आपापल्या वाटेने निघाले आहेत, इतक्यात खंडागळ्यांचा हत्ती बिथरतो आणि माणसे तुडवू लागतो. दत्ताजी जाधव हत्तीवर चालून जातात. विठोजींचे मुलगे संभाजी आणि खेळोजी हत्तीच्या बाजूने पुढे होतात. पाहता पाहता जनावर बाजूला राहते आणि माणसे माणसांवर तुटून पडतात. दत्ताजी संभाजीच्या हातून मरतात. पुढे गेलेले लखुजीराव मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकून माघारी वळतात. जावई शहाजी आडवे येतात आणि जखमी होतात. शेवटी लखुजीराव संभाजीला ठार करतात.

काव्य म्हणून या प्रसंगाचे मूल्य आम्ही फार मोठे मानतो. येथे खलपुरुष कोणीच नाही. एका मुक्या जनावराच्या पिसाटपणातून दोन सोयरी घरे रक्ताने माखतात आणि कोणाचेही वागणे सर्वस्वी अन्याय्य म्हणता येत नाही. हत्तीला आवरणाराही बरोबर, मित्राच्या हत्तीसाठी धावणाराही बरोबर, मुलासाठी मागे फिरणारा बाप तर सर्वाधिक बरोबर. महाकाव्याला शोभेल अशी ही अपरिहार्यता आहे. परमानंदांनी आपल्या धन्याच्या मातुल घराचा मान राखला आणि त्याच वेळी एका बापाचा क्रोध न झाकता दाखवला. मार्शलच्या कवीत आणि परमानंदांत आम्हांला येथे साम्य दिसते. भेद इतकाच, की परमानंदांची दृष्टी प्रसंग संपताच शहाजीराजांबरोबर निघून जाते. त्या रात्री जाधवांच्या डेऱ्यात काय घडले, तरण्या मुलाचे प्रेत समोर असताना बाप काय बोलला, हे सांगणे त्या काव्याचे काम नव्हते. ते काम करणारे दुसरे काव्य झाले नाही.

हत्तीच्या या कथेसोबत आणखी एक कथा वाचावी. धनाजी जाधव हे याच घराण्यातले, छत्रपतींचे सेनापती. त्यांचे पुत्र चंद्रसेन जाधव १७११ मध्ये शाहू महाराजांचा पक्ष सोडून गेले आणि पुढे निजामाच्या आश्रयाला राहिले. त्याचे कारण काय सांगितले जाते? शिकारीतल्या एका हरणावरून त्यांचे आणि बाळाजी विश्वनाथांचे भांडण जुंपले. शंभर वर्षांच्या अंतराने तेच घर दोनदा आपला पक्ष सोडते आणि दोन्ही वेळा कथाकार एक जनावर मध्ये आणतो. हत्ती असेल, हरीणही असेल. परंतु चाकरीची अनिश्चिती, वाढत्या प्रतिस्पर्ध्यांचे भय, धन्याचा घसरता विश्वास, ही कारणे कथेत मावत नाहीत; जनावर मावते. आपल्या बखर वाङ्मयाचे हे बळही आहे आणि मर्यादाही. ते कारणापेक्षा निमित्त अधिक चांगले सांगते.

तिसरा आवाज फारसी ग्रंथकारांचा. अब्दुल हमीद लाहोरीच्या 'पादशाहनाम्या'त आणि पुढच्या शतकात शाहनवाजखानाने औरंगाबादेत सिद्ध केलेल्या 'मआसिर-उल-उमरा' या सरदारांच्या चरित्रकोशात जाधवरावांची नोंद आहे. तेथे रंग नाही, हत्ती नाही, आकडे आहेत. लखुजीराव व त्यांचे मुलगे-नातू मिळून २४,००० जात आणि १५,००० स्वारांची मनसब मुघलांकडे होती, असे ही नोंद सांगते. या रूक्ष आकड्यात आम्हांला एक महत्त्वाची गोष्ट दिसते. मनसब एकट्या माणसाची नाही. ती सबंध घराची आहे. बाप, मुलगे, भाऊ, नातू यांची एकत्र मोट बांधून हे घर धन्यासमोर उभे राहत होते. निजामशहानेही हे नेमके ओळखले होते. म्हणून त्याने एका सरदाराला मारले नाही; एका घराचा उच्छेद करू पाहिला. जे हाती लागले नाहीत ते मुघलांकडे गेले.

येथे निष्ठेचा प्रश्न येतो आणि आमच्या मते या लेखाचा तोच गाभा आहे. लखुजीराव निजामशाहीतून मुघलांकडे गेले, परत आले, म्हणून त्यांना चंचल अथवा फितूर ठरवणारे लेखन आपल्याकडे पुष्कळ आहे. मार्शलकडे पाहा. नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाने जिंकल्यावर तिकडची आपली जमीन वाचवण्यासाठी १२०५ मध्ये त्याने त्या राजाशीही एकनिष्ठतेची शपथ घेतली आणि इंग्लंडच्या राजाचाही तो सरदार राहिला. जॉन संतापला, त्याने मार्शलचे मुलगे ओलीस घेतले. पण काव्यात हे सारे धोरणीपणाचे आणि सचोटीचे म्हणून येते, आणि मार्शलची कीर्ती आजही निष्ठेचा पुतळा अशीच आहे. कृत्य सारखे, निवाडे मात्र उलट. एकाला घरचा कवी होता, दुसऱ्याला नव्हता. एवढा फरक पुरला.

कोणी म्हणेल, स्वराज्याच्या कसोटीवर लखुजीरावांना पारखलेच पाहिजे. आम्ही विचारतो, १६२९ मध्ये ती कसोटी कोठे होती? ज्याच्या हातून ती घडायची होती, तो अजून जन्मालाही आला नव्हता. त्या काळी सरदाराची निष्ठा वतनाशी, कुळाशी आणि आपल्या भरवशावर जगणाऱ्या माणसांशी होती. सुलतानाशी होती ती चाकरी. खुद्द शहाजीराजे १६३० मध्ये मुघलांकडे गेले आणि पुढे परतले, त्याला आपण राजकारण म्हणतो, आणि ते योग्यच म्हणतो. मग तेच माप सासऱ्याला का नको? आमच्या वडवणी तालुक्यातून दसऱ्यानंतर हजारो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतात, हंगाम करतात. हिशेब पटला नाही तर पुढच्या साली दुसरा मुकादम, दुसरा कारखाना. त्यांना कोणी फितूर म्हणत नाही. चाकरी आणि निष्ठा यांतला भेद आमच्या अशिक्षित शेजाऱ्यालाही कळतो. तो इतिहासाच्या वाचकाला कळू नये, हे विचित्र आहे. सरदाराची सत्ता आणि कोयत्याचे हातावरचे पोट यांची बरोबरी होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु शब्द वापरताना लागणारा विवेक दोन्हीकडे एकच आहे.

बीडच्या आसमंतात असे उदाहरण आणखी जवळ आहे. शाहू महाराजांच्या काळात सरलष्कर सुलतानजी निंबाळकर निजामाकडे गेले आणि बीडशी त्यांचे नाव कायमचे निगडित झाले. बीडच्या टेकडीवरचे खंडोबाचे देऊळ त्यांच्याशी जोडले जाते. देवळाच्या दीपमाळांकडे पाहणारा भाविक, हा सरदार कोणाचा पक्ष सोडून गेला, हे विचारीत नाही. लोकस्मृतीला ग्रंथांपेक्षा कधीकधी अधिक न्यायबुद्धी असते.

जेत्याच्या घरचा कवी आणि पराभूत सासरा, ही जोडी आम्हांला अपरिचित नाही. जुन्या करारातील शौल राजाची कथा सांगितली गेली ती दावीदाच्या घराण्यात. दावीद हा शौलाचा जावई. गिलबोवाच्या डोंगरावर शौल आणि त्याचे तीन मुलगे एकाच दिवशी पडले. कथेने शौलाचा मत्सर आणि त्याचे पतन विस्ताराने सांगितले आहे. परंतु त्याच कथेने दावीदाच्या तोंडी शौल आणि योनाथान यांच्यासाठी एक विलापगीतही ठेवले आहे. जेत्याने पराभूत सासऱ्यासाठी गायिलेले ते गीत त्या ग्रंथात नसते, तर शौल केवळ एक वेडसर राजा म्हणून उरला असता. एका विलापिकेने त्याला माणूस केले. लखुजीरावांच्या वाट्याला बखर आली, महाकाव्यातला एक प्रसंग आला, फारसी कोशातली नोंद आली. विलापिका मात्र आली नाही.

मग त्यांचे स्वतःचे असे काय उरले? सिंदखेडराजास राजवाड्याचे प्रवेशद्वार उभे आहे, मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, आणि लखुजीरावांच्या समाधीची भव्य दगडी वास्तू आहे. २०२४ मध्ये केंद्रीय पुरातत्त्व खाते या समाधीच्या जतनाचे काम करीत असताना शेजारी जुन्या देवळाचे अवशेष उघडे पडले आणि अधिक खोल खणता शेषशायी विष्णूची सुमारे पावणेदोन मीटर लांबीची सुबक मूर्ती सापडली. वृत्तपत्रांनी मूर्तीची छायाचित्रे उत्साहाने छापली. ती छापावीतच. पण ज्याच्या समाधीची डागडुजी करताना ती मिळाली, त्याच्याविषयी त्या बातम्यांत बहुधा एकच ओळ होती : जिजाऊंचे वडील. दरवर्षी १२ जानेवारीला लाखो लोक सिंदखेडला लोटतात. ते कन्येच्या जन्मस्थळापुढे नतमस्तक होतात. समाधीपर्यंत जाणारे थोडे.

आमचा आग्रह नसती मूर्तिपूजा उभी करण्याचा नाही. लखुजीरावांना आता निर्दोष नायक करून एखादी फुगीर कादंबरी लिहिली गेली, तर तोही अन्यायच होईल. गर्विष्ठ सासऱ्याच्या जागी आदर्श सासरा बसवणे म्हणजे तोच घाट उलटा करणे. मार्शलच्या काव्याची थोरवी त्याने मार्शलची स्तुती केली यात नाही. बापाचा कठोर निरोप, पैशाचा हिशेब, हट्ट, राजाचा रोष, मरणघरातली कुजबुज हे सारे त्यात आहे म्हणून ते थोर. असे पुस्तक लखुजीरावांवर मराठीत आमच्या वाचनात आले नाही. त्यासाठी लागणारी सामग्री मात्र विखुरलेली का होईना, उपलब्ध आहे : काव्य आहे, शकावली आहे, फारसी नोंदी आहेत, दगड आहेत.

त्या पुस्तकाचे केंद्र कोठे असावे, याविषयी आमचे एक मत आहे. ते सिंदखेडच्या वाड्यात किंवा दौलताबादच्या दरबारात नसावे. ते श्रावणी पौर्णिमेची वार्ता ज्या दिवशी जिजाबाईंच्या कानी आली, त्या दिवसात असावे. शिवजन्माच्या सुमारे सात महिने आधीचा तो काळ. आमच्या भागातल्या बाया जात्यावर बसून ज्या ओव्या म्हणत, त्यांत सर्वांत अधिक ओव्या माहेराच्या. बापाच्या आणि भावाच्या. ज्या मराठीने कोणाही अनाम सासुरवाशिणीच्या माहेरासाठी इतक्या ओव्या रचल्या, तिने एका दिवसात माहेर बुडालेल्या जिजाबाईसाठी शोकाचा एकही ग्रंथ रचू नये, याची खंत वाटते. आपण तिला राजमाता केले, स्फूर्तिदात्री केले, तिच्या मुखी मोठमोठी भाषणे घातली. मुलगी आणि बहीण म्हणून तिला रडू दिले नाही. लखुजीरावांना फितूर ठरवण्याची किंमत अशी त्यांच्या लेकीने मोजली आहे, कारण फितुरासाठी शोक करणारी वीरमाता आपल्या कथेत बसत नाही.

हे ऋण इतिहासकाराचे नाही, वाङ्मयाचे आहे. ते फेडण्यास विद्वत्ता पुरणार नाही आणि नुसता अभिमान तर मुळीच पुरणार नाही. एका घराकडे दुसऱ्या घराच्या खिडकीतून न पाहता त्याच्याच उंबऱ्यावर क्षणभर बसून पाहण्याची तयारी त्यासाठी हवी. मराठी लेखणीने ती एकदा दाखवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.